आकारामची न हरणारी ट्रंक

आकाराम नलवडे हरला तेव्हा मी तिथे होतो, आणि ते पाहताना मला झालेला आनंद लपवायचं मला काही कारण दिसत नाही. त्याच्या पेटीकडून सत्तावीस वेळा हरलेला माणूस आहे मी. तेव्हा या हकिकतीत कुठे आकस डोकावला तर तो माझ्या हक्काचा आहे असं समजावं.

मी त्या वेळी रहिमतपूरच्या पोस्टात कारकून होतो. आकाराम फौजेतून नायक होऊन परत आला तो त्र्याहत्तर साली. होता सिग्नल्समध्ये, म्हणजे उभी नोकरी टेलिफोन, तारा आणि बिनतारी यंत्रांत गेलेली. आमच्याकडची फौजी माणसं परत येतात ती मिशा, हिंदी आणि लढाईच्या गोष्टी घेऊन. आकारामने आणला एक सोल्डरिंग आयर्न, दोन पकडी आणि डोक्यात एक खूळ. जबलपूरला कुणा कॅप्टनसाहेबांनी त्याला सांगितलं होतं, की परदेशात माणसाशी डाव मांडून खेळणारं यंत्र निघालंय. त्याला कॉम्प्युटर म्हणतात, आणि तो घ्यायचा म्हटलं तर अख्ख्या तालुक्याचा ऊस विकावा लागेल.

आकाराम म्हणाला, "त्यांच्याकडं म्हाग असंल गड्या. आपल्याकडं भंगार स्वस्त हाय."

रहिमतपूरला लागून असलेल्या त्याच्या गावात वाटणीला एक खोली होती. शेती थोरला भाऊ बाळासो बघायचा. बाळासोची समजूत अशी, की फौजेतून आलेला भाऊ आता उसाला पाणी पाजेल. आकारामने दोन दिवस पाणी पाजलं आणि तिसऱ्या दिवशी सांगलीची एसटी धरली.

सांगलीला मार्केट यार्डाच्या मागे शमशेर नावाचा भंगारवाला होता. त्याच्याकडे कुठलं तरी जुनं टेलिफोन एक्स्चेंज मोडून आलेलं. त्यातले रिले, म्हणजे वीज आली की 'टक' करून चिकटणारे आणि वीज गेली की सुटणारे पितळी खटके, पोत्यात भरून पडले होते. शमशेर ते वितळवून पितळ काढणार होता. आकाराम त्या पोत्यात हात घालून असा हसला, की शमशेरने ताबडतोब भाव वाढवला. धंदेवाल्यासमोर आनंद दाखवू नये एवढी अक्कल फौजेत शिकवत नसावेत.

शेवटी तोड निघाली ती गुळावर. शमशेरच्या घरी थोरल्या पोरीचं लग्न होतं आणि गूळ हवाच होता. आकारामने दुसऱ्या खेपेला बाळासोच्या गुऱ्हाळातली एक ढेप आणली. तागडीच्या एका पारड्यात ढेप, दुसऱ्यात रिले. पारडी समान झाली, सौदा मिटला. परदेशातल्या साहेबांनी कॉम्प्युटर कशाकशाने बनवले असतील ते असोत, आमच्याकडचा पहिला गुळाच्या भारोभार आला, आणि त्यात बाळासोला न विचारता आला.

मग वर्षभर ते काम चाललं. पेटी म्हणून फौजेतली काळी ट्रंक घेतली. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव, नंबर आणि हुद्दा रंगवलेला होता, तो तसाच ठेवला. झाकणाला भोकं पाडून टॉर्चचे एकवीस दिवे ओळीत बसवले. प्रत्येक दिव्याखाली दाराच्या घंटीचं एकेक बटण. आत रिले आणि वायरींचा असा गुंता, की एकदा त्यात उंदीर शिरला तो बाहेरचा रस्ता न सापडून आतच मेला. आकाराम म्हणाला, "घुशीनं वायरी कातरल्या तर चाल चुकंल," आणि ट्रंकेच्या बुडाला पत्रा मारला.

डाव सोपा होता. एकवीस दिवे लागलेले. आपण एक, दोन किंवा तीन विझवायचे. मग ट्रंकेचं मोठं बटण दाबायचं, ती टकटक करून विचार करते आणि तीही एक, दोन किंवा तीन विझवते. मग पुन्हा आपण. शेवटचा दिवा ज्याला विझवावा लागेल तो हरला. माणूस हरला की ट्रंकेतली घंटा वाजायची. ती घंटा मी सत्तावीस वेळा ऐकली आहे. आजही कुणाच्या दाराची घंटी वाजली की माझ्या कपाळाची शीर तडतडते.

गावच्या मारुतीच्या देवळात आकारामने ट्रंक मांडली आणि माणसं हरायला लागली. सरपंच हरले आणि व्होल्टेज कमी होतं म्हणाले. हायस्कूलचे गणिताचे सर हरले आणि चार दिवस रजेवर गेले. एक पैलवान हरला, त्याने शड्डू ठोकून ट्रंकेलाच आखाड्यात यायचं आव्हान दिलं. दर वेळी आकाराम छातीवर हात ठेवून, मान लववून म्हणायचा, "पावन्याचा मान पैला. तुमी सुरू करा."

आता आपली माणसं जेवायच्या पाटावर 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत आमटी गार करतील. पण डावात पहिला हात मिळाला तर सोडणार नाहीत. सगळे खुशीत पहिली चाल घ्यायचे आणि व्यवस्थित हरायचे. मीही त्यातलाच.

घरात मात्र ट्रंकेने कुणाला सुख दिलं नाही. आधी ती बाळासोच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायची. ऐन तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर सुरू होईना, तेव्हा बाळासोने येऊन बॅटरी उचलून नेली. जाताना गुळाच्या ढेपेचाही हिशेब तोंडी मांडला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. मग विजेवर चालवायला आकारामला ट्रान्सफॉर्मर हवा होता. तो घरात होता. शालूवहिनींच्या रेडिओत होता.

शालूवहिनी म्हणजे आकारामची बायको, माहेरच्या विट्याच्या. त्यांचा भाऊ लांब दक्षिणेत सोनं गाळायच्या धंद्यात होता, विट्याची निम्मी माणसं असतात तसा. नवरा सरहद्दीवर असताना बहिणीला सोबत म्हणून त्याने तो रेडिओ दिला होता. सांगली केंद्र लागलं की वहिनींचं दळण-कांडण त्या आवाजावर चालायचं. एक दिवस त्या विहिरीवरून आल्या तर रेडिओ फळीवर जागच्या जागी होता, फक्त त्याच्या पोटात काही नव्हतं.

त्या ओरडल्या नाहीत. पिशवी भरली आणि म्हणाल्या, "त्या ट्रंकंसंगं संसार करा." दुपारच्या गाडीने त्या विट्याला गेल्या.

पहिला आठवडा आकाराम म्हणाला, येईल. दुसऱ्या आठवड्यात तो आणायला गेला आणि एकटा परत आला. मग पत्रं सुरू झाली. ती माझ्याच हातून जायची, म्हणून मला ठाऊक, की त्याची सहा गेली आणि तिकडून एकही आलं नाही. सातवं त्याने माझ्यासमोर लिहिलं. मी म्हटलं, "बाबा रे, दोनच शब्द लिही. चुकलो म्हण."

"चुकलो कुटं? दोनशे बारा डाव झालं, एकबी हार न्हाई. ही काय साधी गोष्ट हाय व्हय?"

"हे तू बायकोला लिहितोस?"

"मग कुणाला लिहू? तिला नगं कळाया?"

असा हा माणूस. दिवसा देवळात लोकांना हरवायचा आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन पोस्टाच्या पायरीवर बसायचा. थैलीत विट्याचं काही आलंय का एवढं विचारायचा. मला त्याची दया यायची, आणि हरलेल्या माणसाने जिंकलेल्याची दया करायची याचा रागही यायचा. तीन महिन्यांत त्याची फौजेतली विजार कमरेला सैल झाली. बॅटरीच्या भांडणानंतर बाळासोने चूल वेगळी केली होती, म्हणून भाकरी स्वतः थापायचा आणि ती भाकरी मी एकदा खाल्ली आहे. ती ट्रंकेच्या बुडाला मारली असती तर पत्र्याची गरज पडली नसती.

माघात विट्याहून एक पोस्टकार्ड आलं. पोस्टातल्या माणसाने दुसऱ्याचं पोस्टकार्ड वाचू नये असा नियम आहे. हा नियम करणाऱ्याने पोस्टकार्ड कधी पाहिलं नसावं. ते आकारामच्या सासूबाईंचं, राहीबाईंचं होतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. मजकूर असा:

'जावईबापूंस राहीबाईचा रामराम. तुमची पेटी हारत न्हाई असं तुमी सात पत्रांत लिवलं. ती घेऊन हितं या. मी तिच्यासंगं खेळते. पेटी जिंकली तर लेक त्याच दिशी तुमच्याबरुबर धाडते. पेटी हारली तर हितंच माझ्या अंगणात ती मोडायची, आन रेडू पयल्यागत करून आनल्याबिगर लेकीचं नाव काडायचं न्हाई.'

ते कार्ड मी स्वतः नेऊन दिलं. आकारामने ते उभ्याने वाचलं आणि मला मिठी मारली. "मास्तर, आली म्हन शालू घरला!" त्याने ट्रंक पुसायला घेतली. मी दोन दिवसांची रजा टाकली, कारण ट्रंकेचा दुसरा कान धरायला कुणीतरी हवं होतं, आणि खरं सांगायचं तर घरी बसवलं नसतं.

ट्रंक एसटीच्या टपावर चढली. औंध मागे पडलं तसं आकारामला उधाण आलं, आणि त्या भरात त्याने मला आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं.

"मास्तर, एक गंमत सांगू? जो पैल्यांदा दिवा इजवतो तो हारतोच. मंग तो किती का शाना असंना."

"म्हणजे?"

"एकवीस दिवं. समोरच्यानं एक इजवला की ट्रंक तीन इजवती. त्यानं दोन इजवलं, ट्रंक दोन. त्यानं तीन, ट्रंक एक. दर खेपंला चारच जात्यात. पाच चौका ईस. मागं ऱ्हातो एक, आन पाळी त्याची. म्हनून तर म्हनतो, पावन्याचा मान पैला."

सत्तावीस वेळा! सत्तावीस वेळा या माणसाने छातीवर हात ठेवून मला मान दिला होता आणि मी तो हसतमुखाने घेतला होता. पुढच्या थांब्यावर मी उतरणारच होतो. तिकिटाचे पैसे दिले होते म्हणून राहिलो.

"आणि ट्रंकेला आधी खेळायला लावलं तर?" मी दात आवळून विचारलं.

"तर तिला मार्गच न्हाई. मुकाट एक इजवत बसती, मी तशीच जोडलीया. पन असं इचारलंय कोन? मानाला न्हाई म्हननारा मानूस अजून जन्माला यायचाय."

विट्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. राहीबाईंचं घर स्टँडपासून जवळ. मुलाच्या सोन्याच्या धंद्यावर नवं बांधलेलं, दारात विजेचा दिवा, अंगणात फरशी. पण राहीबाई होत्या तशाच होत्या. मुलाचं बस्तान बसायच्या आधी उमेदीची वर्षं त्यांनी शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापून विकल्या होत्या, आणि घर बांधल्यावरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा अंगणाच्या कडेला त्या कुणाला तरी शेणी मोजून देत होत्या. दोन्ही हातांनी दोन-दोन उचलायच्या आणि टोपलीत टाकायच्या, की झाली एक चौकडी. तोंडाने माझी चौकशी, नजर जावयाच्या सैल विजारीवर, आणि हात आपला चौकड्या टाकतोय. ते बघताना माझ्या मनात काही आलं नाही. आकारामच्याही नाही.

पाय धुतले, गूळ-पाणी झालं, चहा झाला. शालूवहिनी बाहेर आल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराआड त्यांचं लुगडं दिसत होतं, तिकडे आकाराम दर घोटाला बघत होता आणि चहा सदऱ्यावर सांडून घेत होता. शेजारच्या बनुबाई, तानुबाई आणि आणखी पाच-सात बायका खेळ बघायला येऊन बसल्या. ट्रंक सोप्यात मांडली. वायर लावली. एकवीस दिवे लागले तशा बायका 'अगं बया' म्हणाल्या. राहीबाईंनी ट्रंकेला हळद-कुंकू वाहिलं, ते नेमकं त्याच्या फौजेतल्या नंबरावर पडलं.

आकारामने डाव समजावला. मग छातीवर हात ठेवला, मान लववली आणि सवयीने म्हणाला, "मामी, पावन्याचा मान पैला. तुमी सुरू करा."

राहीबाई हसल्या. "आवं जावईबापू, पावनं कोन? घर माजं हाय. पावनं तुमी."

मी चहाचा कप खाली ठेवला.

आकारामचा हात छातीवरच राहिला. "तसं न्हवं मामी. म्हंजी, तुमी वडीलधाऱ्या. वडीलधाऱ्यांचा मान."

"वडील असलो म्हनून काय झालं? जावयाच्या आदी सासूनं हात लावल्याला कुटं बगितलाय का तुमी? काय गं बनुबाय?"

बनुबाईंनी असलं कुठे पाहिलं नव्हतं. तानुबाईंनीही नाही.

"पर मामी, जावई म्या हाय. ही तर ट्रंक हाय. यंत्राला कसला मान?"

"जावयाची वस्तू म्हंजी जावईच. लगनात तुमची तलवार आली तवा तिलाबी ओवाळलीच की आमी. पैल्यांदा दारात आलीया पेटी. तिचा हात पैला."

आकारामने माझ्याकडे पाहिलं. जगात त्या क्षणी हे गुपित जाणणारी दोनच माणसं होती आणि त्यातला मी एक. मी म्हटलं, "मामींचं बरोबर आहे. पाहुण्याचा मान पहिला." असा शांत आवाज माझा पुन्हा कधी लागला नाही.

काय करणार होता तो? सासुरवाडीत बसून, आठ बायकांच्या देखत, सासूला 'नाही, तुम्हीच आधी' म्हणून हट्ट धरणारा जावई आमच्याकडे व्हायचा आहे. आणि खरं कारण सांगायचं, तर दोनशे बारा डावांत दिलेला मान कसला होता तेही सांगावं लागणार. त्याने ट्रंकेचं मोठं बटण दाबलं. टक, टक, टक. एक दिवा विझला.

"आता मी किती इजवू?" राहीबाई.

"एक, दोन न्हाईतर तीन. मनाला यील ते," आकाराम आशेने म्हणाला. त्यांनी दोन विझवावेत, एक विझवावा, एवढीच त्याची आशा होती.

राहीबाईंनी जराही विचार केला नाही. टप टप टप, तीन बटणं दाबली. "तुमचा एक, माजं तीन. झाली चौकडी."

आकारामने बटण दाबलं. एक विझला. राहीबाईंनी तीन विझवले. "झाली चौकडी."

उभी उमर चारांत मोजलेला हात तो. समोर एक पडला की तो तीन टाकणारच. त्यांना डाव कळला होता असं मला आजही वाटत नाही. त्या शेणी मोजत होत्या. मध्ये त्यांनी तानुबाईंच्या सुनेचं दुखणंही विचारलं. तिसरी चौकडी झाली, चौथी झाली. आकारामच्या कपाळावर घाम आला. पाचव्या चौकडीला ट्रंकेवर एकच दिवा उरला, आणि पाळी ट्रंकेची.

त्याने बटण दाबलं. टक, टक. मग काहीच नाही. माणूस हरला की वाजायची घंटा त्याने जोडली होती. ट्रंक हरली तर काय करायचं, हे त्याने जोडलंच नव्हतं. तो एकटा दिवा तसाच जळत राहिला.

"बंद पडली व्हय?" राहीबाईंनी काळजीने विचारलं.

"नाही मामी," मी म्हटलं, "तुम्ही जिंकलात." आणि मी हसलो. पोट धरून हसलो. बायका हसल्या, राहीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. हसता हसता मी आकारामकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं.

तो ट्रंकेकडे बघत नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. मग त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, ट्रंकेची वायर ओढली आणि पहिला स्क्रू फिरवायला घेतला. शब्द म्हणजे शब्द, एवढं फौजेने शिकवलं होतं. टोक काही खाचेत बसेना. मला फार वाईट वाटलं. सत्तावीस डाव त्या वेळी मी माफ करून टाकले.

"थांबा," आतून आवाज आला आणि शालूवहिनी बाहेर आल्या.

दाराआडून त्यांनी मानाची ती सगळी ओढाताण ऐकली होती. त्या ट्रंकेसमोर बसल्या. नवऱ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आदी खेळनारा हारतो, व्हय?"

आकारामने मान हलवली.

"नेमानं?"

"नेमानं."

"म्हंजी रोज सांजचं मला बोलवून बसवायचा, 'शालू, आदी तू' म्हनायचा, ते ह्याच्यापायी?"

त्याने पुन्हा मान हलवली.

"आवं, मला रेडूचा राग न्हवता. म्हंजी हुता, पर एवढा न्हवता." वहिनींनी आता त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्या घरात मी समद्यांच्या मागनं जेवती. पानी तापलं तर समद्यांच्या मागनं अंघूळ. लगीन झाल्यापास्नं मला कुनी 'आदी तू' म्हनलेलं न्हाई. ह्या एका डावात तुमी म्हनायचा. रोज हारायची मी, पर तेवढ्यासाठी बसायची. मला लय बरं वाटायचं. आन ती निस्ती फसवनूक हुती!"

बनुबाईंनी डोळ्याला पदर लावला. राहीबाई जावयाकडे अशा बघत होत्या, की चौकडीतली एखादी शेणी त्याच्या टाळक्यात जाते की काय असं मला वाटलं. आकाराम स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून बसला होता. त्याने तो खाली ठेवला आणि म्हणाला, "चुकलो, शालू."

सात पत्रांत न मावलेले ते दोन शब्द. मी स्वतः ऐकले.

"मोडू नका ती," वहिनी म्हणाल्या. "लावा वायर. माजा डाव व्हायचाय."

राहीबाई म्हणाल्या, "अगं, पर ठरलं हुतं मोडायचं."

"तुझं ठरलं हुतं, आये. माज्या संसाराचा डाव तू मला न इचारता लावलास. त्ये मागनं बोलू." एवढं बोलून त्यांनी पदर खोचला.

वायर लागली. एकवीस दिवे उजळले. ट्रंक आधी खेळली आणि वहिनींनी तिला हरवलं. पुन्हा हरवलं. दर वेळी तो शेवटचा दिवा उरला की त्या नवऱ्याकडे बघायच्या, आणि तो म्हणायचा, "हारलो." अकरा वेळा म्हणाला. त्यातल्या पहिल्या दोन-तीनदा खाली बघून म्हणाला. मग वर बघून. शेवटी शेवटी तर तो हसायला लागला आणि वहिनीही. बायका कंटाळून घरी गेल्या. आमची परतीची शेवटची गाडी अकरा डावांच्या दरम्यान कधीतरी निघून गेली.

दिवेलागणीला राहीबाईंनी पानं मांडली. जावयाचा पाट मधोमध, शेजारी माझा. कोंबडं कापलं होतं. तीन महिने स्वतःची भाकरी खाल्लेल्या माणसासमोर रश्श्याची वाटी वाफाळत होती. आकाराम पाटावर बसला आणि हाताची घडी घातली.

"जेवा की जावईबापू."

"आदी शालू."

"ती जेवंल मागनं. तुमी घ्या."

"न्हाई मामी. आदी शालू."

जावई उपाशी आणि लेक जेवतेय असं विट्यात कुणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यांनी रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. मी मध्ये अडकलो होतो. जावयाच्या आधी मी खाऊ शकत नव्हतो, आणि रस्सा तर माझ्या नाकाखालीच होता. मीही म्हटलं, "वहिनी, बसा हो लवकर. तुमच्या मानापायी माझा जीव जाईल."

शालूवहिनी हात पुसत आल्या. आईने कपाळावर हात मारला आणि तिसरं पान वाढलं. वहिनी बसल्या. भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि सावकाश खाल्ला. मग दुसरा. आम्ही तिघं बघत होतो. त्यांना काही घाई नव्हती. अर्धी भाकरी झाली, पाऊण झाली, मध्ये मीठ मागून घेतलं. पाणी प्यायल्या. आकाराम समोर हाताची घडी घालून भुकेने कासावीस झाला होता, आणि इतका खूश मी त्याला दोनशे बारा डावांत पाहिला नव्हता.

भाकरी संपली तेव्हा वहिनींनी त्याचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "आता तुमी खावा," त्या म्हणाल्या. "आन सकाळची पैली गाडी कवा हाय?"